कॅन्सरच्या वॉर्डातली माझी ओकारी

आमच्या वॉर्डात कुणाला ओकारी आली तर कुणी मान वळवून बघत नाही. कॅन्सरचं औषध चढवलेली माणसं दिवसभर ओकतात. ते धुणं, लघवीची भांडी रिकामी करणं हे आम्हा आयांचं काम. म्हणून मी मोरीत जाऊन ओकले तरी कुणाला संशय आला नाही.

थोरली लेक तेव्हा पहिलटकरीण होती, आणि तिच्या मागोमाग मलाच दिवस गेले. पाळी चुकली तेव्हा वाटलं, वय झालं, गेली असेल. खरं कळल्यावर ह्यांच्याकडंसुद्धा बघवेना. लेकीच्या डोहाळजेवणात आईचंही पोट पुढं आलेलं दिसणार. व्याही काय म्हणतील, जावई कुठं बघतील, एवढंच डोक्यात फिरायचं.

अशात एका सकाळी मोठ्या सिस्टरनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. औषध पेशंटच्या लघवीतून, ओकारीतून बाहेर येतं, आपल्या कातडीतून आत जातं, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो, असं त्यांनी आमच्या सीमेकडं चालणाऱ्या कन्नडात समजावून सांगितलं. "कुणाला दिवस गेले असतील तर आत्ताच सांगा. वॉर्ड बदलून देते."

सगळ्याजणी आमच्यातल्या एका नवीन लग्न झालेल्या पोरीकडं बघाय लागल्या. ती लाजून म्हणाली, "माझ्याकडं काय बघायलाव? अक्काला इचारा की!"

अक्का म्हणजे मी. जोराचा हशा झाला. मीही तोंडाला पदर लावून हसले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना एकटं गाठून म्हणाले, "गुडघं लई दुखायलेत, दुसरीकडं टाका."

"इथं जिना नाही, चढउतार नाही. गुडघ्यांना इथंच बरं," त्या म्हणाल्या. मी बरं म्हणून परत भांडी उचलाय गेले.

मग मी हातमोज्यांवर हातमोजे चढवाय लागले. लाल औषध दिलेल्यांची लघवीही तांबूस येते. ते भांडं पोटापासून लांब धरून न्यायची आणि ओतताना श्वास रोखायची. त्यानं काय होणार, ते मलाही कळत होतं. सिस्टरना खरं सांगितलं असतं की सुटले असते. तेवढंच जमत नव्हतं.

खिडकीजवळच्या कॉटवर खजुरी गावची एक म्हातारी होती. मळमळलं की ती लिंबाची फोड हुंगायची. मला मोरीतून येताना बघून एकदा म्हणाली, "औषध मला चाललंय, ओकारी तुला कामून यायलीय गं?"

"पित्त झालंय, अव्वा."

"व्हय, पित्त! मला शिकवायलीस?" असं म्हणून तिनं अर्धं लिंबू माझ्या हातावर ठेवलं. मी ते घेतलं आणि तिच्या नजरेला नजर न देता निघाले.

त्याच आठवड्यात एका पेशंटची नळी निसटली आणि लाल औषध फरशीवर सांडलं. सिस्टरनी हाक मारली. मी पोचा घेऊन दारातच थांबले.

"अक्का, ऐकू येत नाही का?"

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात म्हातारी कॉटवरून ओरडली, "तिला नका बलवू! पोटुशी हाय ती!"

कुणीतरी फिदकन हसलं. माझे कान भाजल्यागत झाले. सिस्टर हसल्या नाहीत. माझ्या हातातला पोचा काढून घेत हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी विचारलं होतं ना मी?" त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला डोळ्यांच्या वॉर्डात टाकलं. म्हातारीला नीट काही सांगायचं राहूनच गेलं.

मग घरीही सांगावंच लागलं. सोनोग्राफीला लेक सोबत आली. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. दारातल्या बाईनं लेकीचं पोट बघून तिलाच आत बोलावलं आणि मला म्हणाली, "सोबतच्या बाईनं बाहेर थांबायचं."

मी बसूनच राहिले, खरंच सोबत आल्यासारखी.

"पेशंट आई हाय," लेक म्हणाली. "सोबत मी आलेय."

बाकावरच्या सगळ्या बाया वळल्या. लाजेनं लेकीचंही तोंड लाल झालं होतं, पण तिनं माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. आत्ता तर ठीक दिसतंय, बाकीचं पुढं कळेल, म्हणाल्या. मी पदर तोंडावर धरूनच ऐकत होते.