मोटर लावलेली नदी

“हे फिरणार नाही?”

कुठलंही चित्र, तक्ता किंवा नकाशा समोर ठेवला की झांकीवाले एवढंच विचारत. मग मान तिरकी करून त्या कागदाकडे असं बघत, जणू आजारी माणसाला भेटायला आले आहेत. “फिरलं पाहिजे ताई. नाही फिरलं तर पब्लिक रुकत नाही.”

त्यांना नाव होतं, पण आमच्या केंद्रात सगळे झांकीवालेच म्हणत. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: अनंत चतुर्दशीला इथल्या कापड मिलांच्या झांक्या निघतात, म्हणजे ट्रॉलीवर उभारलेले, दिव्यांनी लखलखणारे हलते देखावे. हे एका मिलमध्ये वायरमन होते आणि तिच्या झांकीतले देव-दानव हलवण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा खटला कोर्टात गेला. झांकी मात्र कामगार वर्गणी जमवून काढतच राहिले. मिल अजून आहे हे दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

आमचं केंद्र पर्यावरणावर संशोधन करणारं. शहराबाहेर काही खोल्या, भरपूर अहवाल, वाचणारं कोणी नाही. मग वरून सांगणं आलं की संशोधन लोकांपर्यंत न्या. ते काम माझ्या वाट्याला आलं आणि मी झांकीवाल्यांना रोजंदारीवर घेतलं. दया वगैरे काही नव्हती. मला मॉडेल करणारा माणूस हवा होता.

पहिलं मॉडेल अन्नसाखळीचं. टोळाला बेडूक खातो, बेडकाला साप, सापाला गरुड. यांनी सगळं सायकलच्या चेनवर बसवलं. चेन गोल फिरते, त्यामुळे सापाने गिळलेला बेडूक थोड्या वेळाने टुणकन बाहेर येई.

आमचे संचालक, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो, बेडूक परत येत नसतो.”

“येऊ द्या सरजी. नाही आला तर बच्चे लोक रडतात.”

बुधवारी, म्हणजे इथे गणपतीच्या वारी, ते मॉडेल खजराना गणपतीच्या मंदिराबाहेर मांडलं. गर्दी खूप झाली. लोकांनी सापापुढे फुलं वाहिली, एका बाईंनी नारळ फोडला. मी अहवालात ‘उत्स्फूर्त लोकसहभाग’ असं लिहिलं. झांकीवाले आठवडाभर छाती काढून चालत होते. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता.

मग शहरातल्या नदीचं मॉडेल ठरलं. ते मिलच्या वस्तीत न्यायचं होतं. सरांच्या नकाशात नदीला मिळणारे सगळे नाले होते. झांकीवाल्यांनी घाट केले, काठावरच्या समाध्यांच्या छत्र्या केल्या, शेपटी हलवणारी म्हैस केली, मोटर लावून निळं पाणी खेळवलं. फक्त त्यांची मिल आणि तिचा रंगाच्या पाण्याचा नाला त्यात नव्हता.

“मिल कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“जागा नाही उरली.”

“म्हशीला बरी उरली?”

“मिल बंद आहे सरजी. बंद मिलचं पाणी कसं दाखवू?”

मिल नसेल तर मॉडेल जाणार नाही आणि पुढचं कामही नाही, असं सांगून सर निघून गेले. चहा पिताना मी खरं कारण विचारलं.

“मालकाचा वकील कोर्टात काय बोलतो, ऐकलं का ताई? मिल गंदी होती, बंद झाली त्यात शहराचं भलंच झालं. आता मीच चौकात तेच दाखवू? मला चाळीत राहायचंय.”

त्यात तथ्य होतं. पण त्याच सुमारास आम्ही वस्तीतल्या हँडपंपांचं पाणी तपासलं होतं आणि नेमका त्यांच्या चाळीतला पंप वाईट निघाला. नाल्यात मुरलेली रंगांची रसायनं जमिनीखालून तिथवर पोहोचली होती. दिसायला ते पाणी स्वच्छ होतं, चवीलाही बरं. मी त्यांना निकाल सांगितला.

“चाळीत सांगू मी?” त्यांनी विचारलं.

“सांगा. ऐकतील?”

“नुसतं सांगून? नाही.”

काही दिवस ते म्हशीची शेपटी काढून परत लावत बसले. मग माझ्याकडे मोठी मोटर मागितली.

आणि मिल केली. विटांची चिमणी, उजळणाऱ्या खिडक्या, आत हलणारे माग, वर भोंगा. भिंतीखालून काचेची नळी, तिच्यातून लाल, हिरवं, जांभळं पाणी नाल्यात, तिथून जमिनीखाली आणि शेवटी एका चिमुकल्या हँडपंपात. पंपावर एक मातीची बाई वाकून हापसत होती.

वस्तीत भोंगा वाजवला तशी माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. पाण्याकडे आधी कोणी बघितलंच नाही. “ती बघ, आपल्या खात्याची खिडकी,” असं एकमेकांना दाखवत होते. मग मिलमध्ये झांकीवाल्यांबरोबर काम केलेला एक जुना विणकर पुढे आला.

“काय भिया, तूच मिलची बदनामी करायला लागलास?”

“बदनामी कुठली? रंगाचं पाणी नाल्यात सोडायच्या मोटरचं बटण मीच दाबत होतो. पाणी कुठे जायचं ते तुला नाही माहीत?”

“अरे, वकील हेच बोलतो.”

“वकील या पंपाचं पाणी पीत नाही. आपण पितो.”

मागून एका बाईने विचारलं, “हा आपलाच पंप आहे का?”

“आपलाच,” झांकीवाले म्हणाले.

पुढे महापालिकेने पंपाचा दांडा काढून नेला आणि टँकर सुरू केला. तो मनाला येईल तेव्हा यायचा. बायका झांकीवाल्यांच्या दारावरून जाताना ऐकू जाईल अशा शिव्या देत. पुरुषांनी बोलणं टाकलं. त्या वर्षी झांकीच्या कामालाही त्यांना बोलावलं नाही. “रावण नुसता उभा होता म्हणे,” ते मला डबा खाताना म्हणाले. “वायरिंग कच्चं.” डबा मात्र अर्धा तसाच ठेवून उठले.

पुढे आमचा निधी संपला, ते मुलीकडे देवासला गेले आणि तिथेच वारले. आता सांगते ती गोष्ट त्याआधीच्या हिवाळ्यातली. झांकीवाले मॉडेल घेऊन गौतमपुऱ्याला गेले होते आणि मी टँकरच्या पाण्याचा नमुना घ्यायला वस्तीत गेले. रांगेत त्यांची बादली होती. त्यांच्या पत्नी ती सकाळीच ठेवून पोळ्यांच्या कामावर जात. बादलीवर झांकीवाल्यांनी ऑइल पेंटने मोर काढलेला होता, त्यामुळे ती कोणाची हे विचारायची गरज नव्हती. बादलीमागे तोच विणकर उभा होता. रांग सरकली की तो वाकून ती बादली हाताने पुढे ठेवायचा, आपला डबा मात्र पायाने ढकलायचा.

टँकरवाल्याने पाइप धरून विचारलं, “ही कोणाची?”

“आहे एकाची,” विणकर म्हणाला. “भर.”