अल्ताफच्या रानात करपा कुणी आणला

अल्ताफ माझा मित्र. कळंब्याच्या पुढं त्याचं वीस गुंठे रान आहे. गेली सहा वर्षं तो उघड्यावर टोमॅटो करतो आणि माणसांवर संशय घेतो.

त्याच्या मते करपा, पानं जाळणारा हा रोग, वाऱ्यापेक्षा माणसांच्या अंगावरून जास्त येतो. ओल्या बाह्या, चिखलाचे पाय, दुसऱ्याच्या रानातली सुतळी. दव वाळेपर्यंत तो स्वतःच्या सरीतही शिरत नाही. जमिनीला टेकणारी पानं काढून टाकतो. पाणी ठिबकनं, पानावर थेंब नाही. हवा कुंद झाली की मोरचूद-चुन्याची फवारणी.

म्हणूनच त्यानं पैरा सोडला. आमच्याकडे शेजारी एकमेकांच्या रानात राबतात. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. अल्ताफ म्हणाला, कुणी यायचं नाही. काठ्या रोवून झाडं बांधायचं काम त्यानं आणि बायकोनं, नुजहतनं, दोघांनीच केलं. लोक म्हणाले, चोरून कसलं तरी औषध मारतोय. शेजारच्या हंबीरतात्यांनी तोंडावर विचारलं, "सोनं पुरलंयस व्हय रं?"

यंदा सप्टेंबरात आठवडाभर झिमझिम लागली. अल्ताफचा फोन आला. "ये. कुणाला सांगू नको."

चार सरींत पानं काळी पडली होती. उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव. बाकी बारा सरी स्वच्छ होत्या.

"तात्याचं काम हाय," अल्ताफ म्हणाला. "रोगट पाला टाकलाय माझ्यात. पैऱ्याचा राग."

"बघितलंस?"

"बघाय कशाला पायजे?"

मलाही पटलं. तात्यांच्या टोमॅटोत करपा होताच. आम्ही बांधावर पाला शोधला. सापडला नाही. मग लक्षात आलं, रोग बांधाच्या कडेनं नव्हताच. बांधाच्या फटीपासून मोटारीच्या खोलीकडे एक वाट जात होती, त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तो होता. चिखलात एकाच बुटाचे ठसे होते. तात्यांच्या रानात जाणारे आणि परत येणारे.

"कुणाचे रे हे?"

अल्ताफनं पाय मागं घेतला. नुजहत म्हणाली, "ह्यांचेच. रोज फाटंचं जात्यात, तात्यांचा करपा कुठवर आला बघाय. आन् तसंच येऊन मोटार चालू करत्यात."

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"हात लावत न्हवतो," अल्ताफ म्हणाला. मग म्हणाला, "चार-दोन पानं उलटली असतील."

दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळी पुन्हा पाऊस सांगितला होता. त्याआधी चार सरी उपटून, पोत्यांत भरून बाहेर काढल्या नाहीत तर सगळं रान जाणार होतं. तिघांचं काम नव्हतं.

अल्ताफ बांधापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"तात्या!"

"आत ये की. बोंबलतोस कशाला?"

"न्हाय येत. माझ्यात करपा आलाय. मीच आणला, तुमच्यातनं. रोज बघाय येत हुतो."

तात्यांनी कमरेवर हात ठेवले. "चोरून?"

"व्हय."

"मर्दा, इचारलं असतंस तर पान तोडून हातात दिलं असतं की."

"माणसं पायजेत तात्या. आत्ताच."

"आता बरं चालतो आमी?"

तात्या घराकडे वळले. "न्हाय येत बघ," अल्ताफ कुजबुजला.

ते आले. सून स्वप्नाली आणि आणखी चौघं बरोबर होती. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे. तात्यांनी तर लग्नकार्यातला पांढरा शर्ट चढवला होता.

"तपास बाबा," ते म्हणाले. "मग आत घे."

अल्ताफनं खरंच तपासलं. तळवे, बाह्या, चपला. "डोळं बी बघ," स्वप्नाली म्हणाली. तो हसला नाही. बाजूला झाला.

पाचच्या आत चारी सरी पोत्यांत गेल्या. बारा राहिल्या. पाऊस सुरू झाला तेव्हा तात्यांचा शर्ट चिखलानं भरला होता.

"उद्या माझ्यात यायचं," ते म्हणाले. "पैरा हाय."

"तुमच्यात करपा हाय."

"म्हणून तर ये. तुला कळतंय त्यातलं."

अल्ताफनं बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ह्यात काही डाव आहे का, हे तो शोधत होता.

"दुपारनं येतो," शेवटी तो म्हणाला. "आधी माझं रान, मग तुमचं. उलटं न्हाय."