आतोबांचं नाक आणि सरकारी शिक्का

माझ्या आतोबांइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि झाला असेलच, तर भीतीने घराबाहेर न पडल्यामुळे तो कुणाच्या पाहण्यात आला नसेल. आत्याचे हे यजमान पालीला भीत, पोलिसाला भीत, तारवाल्याला भीत. आणि यांपैकी कुणीच दिसलं नाही तर कुठे दडून बसलं असेल म्हणून अधिकच भीत. सोलापूरला जाताना सर्व्हिस मोटारीत ते दाराशीच बसायचे, मोटार उलटली तर उडी टाकता यावी म्हणून. पण दाराशी बसलं की पडण्याची भीती. मग शेजाऱ्याचा हात घट्ट धरायचे. एकदा असा धरलेला हात एका फौजदाराचा निघाला. तो सोडायचीही भीती वाटली म्हणून त्यांनी तो थेट सोलापूरपर्यंत धरून ठेवला.

पण तुपाच्या मडक्यापुढे बसले की हाच माणूस न्यायाधीश व्हायचा. वैरागच्या बाजारात एका अडत्याकडे ते तुपाचे पारखी होते. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. खेड्यापाड्यांतल्या बायका मडकी घेऊन यायच्या. आतोबा बोटभर तूप मनगटावर चोळायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि सांगायचे, म्हशीनं सरकी खाल्लीय की नुसता कडबा, लोणी किती दिवसांचं, कढवताना विड्याचं पान टाकलं होतं की नाही. भेसळ सापडली तरी ओरडण्याची छाती नव्हती. "माय, ह्यात चुकून काईतरी पडलंय बग. घरी जाऊन हुडक," एवढंच हळू म्हणायचे. ती बाई पुन्हा तसं करत नसे.

पुढे अडत्याला तुपाच्या डब्यांवर सरकारी शिक्का मारायचा परवाना मिळाला. शिक्क्याच्या तुपाला मुंबईत चांगला भाव; मात्र प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. गावोगावचं तूप मिसळलेल्या पहिल्या दोन खेपा पार पडल्या. तिसरीचा कागद इंग्रजीत आला, तो मीच वाचून दाखवला. तूप अशुद्ध, वनस्पती तुपाची भेसळ असावी.

ती खेप सगळी एकाच गावची होती. सोनाबाई नावाची एक विधवा वीस-एक घरांचं तूप गोळा करून आणायची. तिच्या स्वतःच्या दोन म्हशी, आणि त्यांच्यावरच तिचं घर. कागदाची बातमी गावोगाव पोचली तोवर तिला शेपूट फुटलं होतं: तूप नापास झालं की बाईला बेड्या घालून नेतात. पुढच्या बाजाराला एकही मडकं आलं नाही. एका म्हातारीनं तर घरातलं चांगलं तूप उकिरड्यात पुरलं म्हणे.

अडत्यानं आतोबांना पेढीवर बोलावलं. सोबत म्हणून त्यांनी मला नेलं. सोनाबाई कोपऱ्यात खांबाला धरून उभी होती.

"भेसळ हिनं केली, असं लिहून द्या," अडत्या म्हणाला. "न्हाईतर माजा परवाना जाईल. आन् पारखी तुमी, खटल्यात तुमीबी याल."

"दादा, तुमी हुंगलं हुतं की," सोनाबाई म्हणाली. "सांगा की त्यास्नी."

आतोबांनी टाक उचलला. बुडवायला गेले तर दौतच धोतरावर कलंडली. ते सही करणार, अशी माझी खात्रीच झाली. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. मग आतोबा काहीतरी पुटपुटले. कुणालाच ऐकू आलं नाही, म्हणून त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"तूप चोख हाय."

"मग कागद खोटा का?"

"कागदाचं मला ठावं न्हाय. तूप चोख हाय."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि ओट्याच्या कडेला बसून भडाभडा ओकले.

चार दिवसांनी चौकशीला पुण्याचा एक तरुण अधिकारी आला. आतोबा माझ्या पाठीआडून त्याला म्हणाले, "सायेब, हिची म्हस हितं आणून बांदतो. दूध तुमच्याम्होरं काडू, तूप तुमच्याम्होरं कडवू. मग काय ते ठरवा." साहेबाला हसू आलं, पण माणूस सज्जन, तयार झाला. अडत्याच्या अंगणात म्हैस आली, दूध निघालं, विरजण लागलं, लोणी निघालं. साहेब खुर्ची टाकून बसला होता. तूप बाटलीत भरून त्यानं स्वतःच्या हातानं लाख लावली.

उत्तर यायला महिना लागला. त्या महिन्यात आतोबा निम्मे झाले. पोस्टमन गल्लीत शिरला की ते माजघरात कणगीमागे जाऊन बसत, आणि आत्या बाहेरून सांगे, "गेला हो, दुसऱ्यांचं पत्र हुतं."

शेवटी साहेबच कागद घेऊन आला. ही बाटलीसुद्धा नापास!

"म्हणजे भेसळ म्हैसच करते म्हणायची," तो म्हणाला. मग त्यानं म्हशीला काय घालता ते विचारलं. सरकी, आतोबा म्हणाले. आमच्या भागात कापूस, म्हणून सरकी. सरकी खाल्ली की तुपाचे तपासणीतले आकडे बदलतात आणि प्रयोगशाळेला ती भेसळ वाटते, हे साहेबानं तिथेच बसून वर लिहून कळवलं. सोनाबाईवर खटला झाला नाही. ती आतोबांच्या पाया पडू लागली तर ते घाबरून दोन पावलं मागे सरले.

पण नियम काही लगेच बदलला नाही. अडत्यानं सरकीच्या गावांचं तूप घेणं सोडलं. बायकांनी सरकी बंद केली तर दूध आटलं. हळूहळू म्हशी बाजारात आल्या, त्यांत सोनाबाईच्या दोन्ही होत्या. ती सोलापूरला गिरणीत लागली. आता नमुनेच बोलत, त्यामुळे आतोबांनाही मनगटावर तूप चोळायचं काम उरलं नाही.

काही वर्षांनी आमच्या भागासाठी आकडे वेगळे ठरल्याचं साहेबाचं पत्र आलं. आतोबा म्हणाले, "सोनाबाईला सांगाय पायजे." आम्ही दोघे सोलापूरला गेलो. चाळीतल्या तिच्या खोलीत तिनं चहा केला. मी पत्र वाचून दाखवलं. तिनं ते नीट ऐकलं.

"बरं झालं की," ती म्हणाली. मग कप विसळता विसळता तिनं विचारलं, "माजी थोरली म्हस कुणाकडं हाय, ठावं हाय का वो दादा?"

"ठावं हाय की, आमच्याच गल्लीत हाय. परवाच व्याली. रेडी झाली."

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. तिनं डबा उचलला, कडी लावली. आम्ही तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. ती बायकांच्या लोंढ्यात मिसळून आत गेली. फाटक बंद झालं, तरी आतोबा कितीतरी वेळ तिथेच उभे होते.