बेथेलचा रिकामा चौकोन

एक्केचाळीस वर्षांत इझमेना लिबर्डने नेमून दिलेली एकही उपासना चुकवली नव्हती. हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं, कारण ते तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं.

ती शाळेत स्वयंपाकीण होती. दीडशे मुलांच्या डाळभाताचं पातेलं ढवळता ढवळता ती रविवारचा उपदेश मनात जुळवायची. त्यामुळे तिच्या उपदेशात मीठ, जाळ आणि करपणं यांचे दाखले फार असत. सर्किटची, म्हणजे एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळाची, चर्चेस सात आणि पाळक एकच, तेव्हा बहुतेक रविवारी उपदेशाला उभे राहत ते गावचेच लोक: एक सुतार, दोन शिक्षिका, एक निवृत्त जमादार आणि इझमेना. कोणी कुठल्या रविवारी कुठे जायचं, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी छापून येई. त्यात चर्चेसच्या आडव्या ओळी, रविवारांचे उभे रकाने आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. इझमेनाने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असे, साखरेच्या डब्यासमोर.

गेल्या दोन वर्षांत या तक्त्यात, डोंगरावरच्या बेथेलच्या ओळीत, रिकामे चौकोन दिसू लागले होते. उपदेशक थकले होते, एक तर लेकीकडे टोरांटोला कायमचा गेला होता. चौकोन रिकामा असेल तर बेथेलच्या मंडळींनी खालच्या चर्चला यावं, असा रिवाज होता. पण बेथेलची मंडळी अकरा, त्यातल्या तिघांना अंगणाची पायरीसुद्धा जड. म्हणून त्या रविवारी इझमेना वर जायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ही एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती.

ऑक्टोबरात रेव्हरंड गम्ब्सनी सर्किटच्या ध्येयाचा आणि अग्रक्रमांचा मसुदा सगळीकडे वाटला. ते शेजारच्या बेटावरून आलेले, तरुण, हसतमुख गृहस्थ. मसुद्यात मुद्दे चार. तरुणांना जवळ करणं, प्रार्थनेचे गट, गरजूंची सेवा, हे तीन इझमेनाने मान हलवत वाचले. चौथा तिने चष्मा पुसून पुन्हा वाचला. ज्या चर्चला उपदेशक पुरवता येत नाही, ते जानेवारीपासून तक्त्यातून काढावं. नाव लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती.

"सर्किटच्या शनिवारच्या सभेत मी बोलणार आहे," तिने व्हर्नेटाला सांगितलं. व्हर्नेटा बेथेलची पेटी वाजवायची.

"तू बोल बाई. मी बोलले तर म्हणतील, पेटी फुटकी आणि बाई त्याहून फुटकी."

"माझं ऐकतील. एक्केचाळीस वर्षांत..."

"ठाऊक आहे गं," व्हर्नेटा म्हणाली. "आमच्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे."

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी इझमेनाने कपाट उघडलं. बोट बेथेलच्या ओळीवर गेलं. चौकोन रिकामा. तिने पांढरी हॅट घातली, गीतांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, आल्याच्या चहाचा थर्मास घेतला आणि बस पकडली. चिंचांच्या झाडांवरून वारा येत होता. बेथेलची घंटा वादळात गेल्यापासून म्हातारा कोळी एल्रॉय दारात उभा राहून शंख फुंकायचा. त्याने फुंकला. उपदेश झाला, सहा-सात मिनिटांचा. मग मटणाच्या रश्श्याचा डबा घेऊन सगळे अंथरुणाला खिळलेल्या मिस्टर पर्सिव्हलकडे गेले आणि त्याच्या खिडकीशी दोन गीतं म्हणाले. तो रडला, मग रश्श्यात तिखट कमी आहे म्हणाला.

दुपारी ती घरी पोचली तेव्हा व्हरांड्यात ब्रदर ट्रॉस उभे होते, कोट घातलेले, घामाघूम. एबनेझर हे गावातलं मोठं चर्च; ते त्याचे कारभारी, आणि नियमांचे पक्के.

"बऱ्या आहात ना, सिस्टर?"

"मला काय झालंय?"

"आज एबनेझरला सुगीची उपासना होती. वेदीपुढे ऊस, रताळी, नीरफणसं, सगळं मांडलेलं. दोनशे माणसं. वीस मिनिटं बसून होती." त्यांनी घसा साफ केला. "तक्त्यात तुमचं नाव होतं."

इझमेना आत गेली. कपाट उघडलं. बेथेलची ओळ सर्वांत वर, एबनेझरची सर्वांत खाली. खालच्या चौकोनात स्पष्ट छापलेलं होतं: लिबर्ड. आज तिचं बोट खालपर्यंत गेलंच नव्हतं. बेथेलचा रिकामा चौकोन दिसला की त्यात आपलंच नाव वाचायची तिला सवय लागली होती.

"रेव्हरंडनी वेळ निभावली," ट्रॉस दारातून म्हणाले. "चहा टाकू का तुमच्यासाठी?"

"माझ्या स्वयंपाकघरात? नको."

आठवडाभर शाळेखेरीज ती कुठे बाहेर पडली नाही. तिला बेथेलसाठी बोलायचं होतं आणि तिच्यापाशी जोर होता तो एकच. आता तोही गेला.

शनिवारी सभा सुरू झाली. पहिला प्रश्न नेहमीचा: नेमून दिलेली उपासना या तिमाहीत कोणी चुकवली आहे का? एरवी हा प्रश्न विचारायचा, दोन क्षण थांबायचं आणि पुढे जायचं. इझमेना उभी राहिली.

"मी. सुगीची, एबनेझरची."

ट्रॉस आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"तुम्ही होतात कुठे, सिस्टर?" रेव्हरंडनी हळू विचारलं.

"बेथेलला."

"पण बेथेलला त्या दिवशी कोणीच नव्हतं."

"होते, रेव्हरंड. अकरा जण होते."

कोणीतरी खाकरलं. रेव्हरंडनी समोरचा तक्ता उलटा-सुलटा करून पाहिला. "आणि इतर रिकाम्या रविवारी?"

"माझं नाव दुसरीकडे कुठे नसेल तेव्हा जायचे. म्हणजे असं मला वाटत होतं."

"डेंग्यू झाला तेव्हा नाही आली," मागून व्हर्नेटा म्हणाली. "पण तेव्हा रस्सा पाठवला होता."

यावर हशा पिकला. ट्रॉस मात्र हसले नाहीत. नियम वाचून दाखवायला ते उभे राहिले. "उपासना चुकवणाऱ्याला त्या चर्चला एक तिमाही नेमू नये. सिस्टर लिबर्डना एबनेझरला नेमू नये." ते थांबले. "म्हणजे त्यांचे तेवढे रविवार मोकळे राहतील. ते बेथेलला द्यावेत. आणि एक मला द्या. मी वर कधी गेलेलो नाही."

"चढ आहे, ब्रदर," इझमेना म्हणाली. "कोट काढून या."

चौथा मुद्दा त्या दिवशी मंजूर झाला नाही. तो नीट लिहून पुढच्या सभेत आणतो, तोवर बेथेल तक्त्यात राहील, असं रेव्हरंड म्हणाले.

डिसेंबरात नवा तक्ता आला. इझमेनाने तो साखरेच्या डब्यासमोर चिकटवला. बेथेलच्या ओळीत तिचं नाव चारदा होतं, ट्रॉसचं एकदा, रेव्हरंडचं दोनदा, दोन्ही शिक्षिकांचं, सुताराचं आणि जमादाराचं एकेकदा. फेब्रुवारीचे दोन चौकोन मात्र रिकामेच होते. तिने बोट त्यातल्या पहिल्यावर ठेवलं आणि सावकाश खाली आणलं, एकेक ओळ वाचत, थेट एबनेझरपर्यंत. त्या रविवारी तिचं नाव कुठेच नव्हतं.

मग तिने पेन्सिल घेतली.