दिवाबत्तीची चावी

बारा जून. थकलेली रक्कम एक लाख आठ हजार रुपये. हजर: मी, माझी आई आणि इस्टेट एजंट. जागा: डोंबिवली पूर्वेला आईचं घर.

रक्कम कशी झाली तेही सांगतो. आईच्या बिल्डिंगखाली आमचा एक गाळा आहे. वडिलांनी निवृत्त होताना फंडाच्या पैशांतून तो आईच्या नावावर घेतला. त्यांची नोकरी खाजगी, पेन्शन नव्हतं. त्यामुळे गाळ्याचं भाडं, महिना अठरा हजार, हेच आईचं पेन्शन. त्यातच तिची औषधं, वाणसामान आणि सोसायटीचा मेंटेनन्स भागतो. मी ठाण्यात राहतो. वरचे पैसे देऊ केले तर ती घेत नाही.

गाळ्यात ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या, मूळच्या कोकणातल्या. आधी कधी त्यांच्याकडे भाडं मागावं लागलं नव्हतं. जानेवारीत त्यांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि भाडं थांबलं. मे महिन्यात त्यांनी इथली खोली सोडली, स्वस्त म्हणून टिटवाळ्याला गेल्या, आणि गाळ्याला कुलूप लावलं. आत त्यांची तीन मशीन. जानेवारी ते जून सहा महिने, म्हणून एक लाख आठ हजार. करारही जूनअखेर संपत होता.

एजंट म्हणाला, "वकील-बिकील कशाला करताय? तिच्या कुलपावर आपलं कुलूप मारायचं. मशीन आत आहेत ना? झक मारत पैसे आणेल."

"असलं काही करायचं नाही हं," आई म्हणाली.

"अहो काकू, सगळे हेच करतात."

मी म्हटलं, आधी विचारून घेतो.

कल्याणला कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात. त्यांनी करार वाचला आणि सरळ सांगितलं की करार संपला तरी ताबा भाडेकरूचाच राहतो. तिने आपणहून दिला तर घ्यायचा, नाहीतर कोर्टाकडून. परस्पर कुलूप मारलं तर तीच आपल्यावर दावा लावेल आणि बहुधा जिंकेल. तिच्या मशीनलाही हात लावायचा नाही. थकबाकी वेगळी आणि ताबा वेगळा. राहत्या घराचा करार संपला की ते लवकर सोडवून घ्यायची एक सोय कायद्यात आहे, ती गाळ्याला नाही. त्यासाठी दिवाणी दावाच. किती वर्षं लागतील, मी विचारलं.

"आईंचं वय काय?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

त्यांनी करार मिटून माझ्यापुढे सरकवला. मला उत्तर मिळालं.

मग त्यांनी विचारलं, "चावी कुणाकडे असते?"

"त्यांच्याकडे. आणि एक आईकडे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आईंकडे कशी?"

मी सांगितलं. गाळ्यात भिंतीवर गणपतीची तसबीर आहे. टिटवाळ्याला जाताना बाईंनी दुसरी चावी आईच्या हातात दिली होती, "आई, संध्याकाळी तेवढी दिवाबत्ती कराल का? धंद्याची जागा, अंधार नको." आई रोज जिना उतरून जाते, दिवा लावते, तो विझेपर्यंत तिथेच स्टुलावर बसते, कुलूप लावून वर येते.

"मग ती चावी दिव्याची आहे, ताब्याची नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणि उद्या ती म्हणाली, माझ्या चार साड्या गेल्या, तर? बंद करायला सांगा."

मी आईला तसं सांगितलं.

"तिने विश्वासाने दिलीये," आई म्हणाली. "तू नोटीस पाठव, मी दिवा लावते. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी."

"अगं, पेन्शन तुझंच थकलंय."

"माहितीये मला. औषधाच्या गोळ्या मीच मोजते ना?"

चावीची बातमी बिल्डिंगभर होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा वर आल्या. "काकू, माझा मोरपंखी ब्लाउज आत अडकलाय हो. पुढच्या आठवड्यात भाच्याची मुंज. तुमच्याकडे चावी आहे, तेवढा काढून द्या ना."

"चावी दिव्याची आहे गं, ब्लाउजची नाही," आईने सांगितलं. वहिनी चार दिवस आईशी बोलल्या नाहीत.

जुलैत रजिस्टर्ड पोस्टाने बाईंना नोटीस गेली. पोच आली, उत्तर आलं नाही. माझा फोन त्या उचलत नव्हत्या. ऑगस्टही गेला. मी दाव्याचे कागद जमवायला लागलो.

गणेश चतुर्थीला मी आईकडे होतो. आईने स्वतःच्या फोनवरून बाईंना फोन लावला. विचारायचं एवढंच होतं की तुझ्या गणपतीला आज नैवेद्य दाखवू ना. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. थोड्या वेळाने आई म्हणाली, "रडू नको गं," आणि फोन माझ्याकडे दिला.

"दादा, मी काय करू?" बाई म्हणाल्या. "इथे लोक विचारतात, शिवून द्याल का. मशीन नाही माझ्याकडे. तुमच्या एजंटने जूनमध्येच फोन केलेला. सगळे पैसे दिल्याशिवाय सामानाला हात लावलास तर पोलीस आणीन, म्हणाला. मी गाळ्याकडे फिरकले नाही मग."

म्हणजे धमकीच्या भीतीने त्या मशीन न्यायला येत नव्हत्या, आणि त्या येत नव्हत्या म्हणून गाळा सुटत नव्हता. मी म्हटलं, "मशीन तुमची आहेत. टेम्पो घेऊन या."

सप्टेंबरच्या तीस तारखेला त्या आल्या. ताबा पावती वकीलबाईंनी करून दिली होती: गाळा रिकामा करून स्वखुशीने ताबा मालकास दिला. शेजारचा झेरॉक्सवाला आणि वकीलबाईंचा कारकून हे साक्षीदार. मशीन टेम्पोत चढली, मोरपंखी ब्लाउज तिसऱ्या मजल्यावर पोचला. तसबीर बाईंनी पदरात गुंडाळली.

सहीच्या वेळी त्यांनी आपली चावी माझ्यापुढे धरली. "एक तुमच्याकडे आहेच आईंची."

"थांब," आई म्हणाली. कमरेची चावी काढून तिने बाईंच्या हातात ठेवली. "ही मला तू दिलीस, ती आधी तुला परत. आता काय द्यायचं ते तू दे."

बाईंनी दोन्ही चाव्या माझ्या तळहातावर ठेवल्या. कारकुनाला दोन चाव्यांमधला हा उलटसुलट प्रवास पावतीत कसा लिहावा ते कळेना. त्याने 'दोन चाव्या मिळाल्या' एवढंच लिहिलं.

मग हिशोब. नऊ महिने धरले तर एक लाख बासष्ट हजार. पण करार जूनला संपला, आणि पुढचे तीन महिने गाळा अडकला तो आमच्याच एजंटच्या धमकीमुळे. ते मला लावता येईनात. एक लाख आठ हजारांतून डिपॉझिटचे पंचाहत्तर हजार वजा केले. राहिले तेहतीस.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "दादा, दिव्याच्या तेलाचे किती धरलेत?"

"तेल माझं होतं," आई म्हणाली, "त्याला कसला हिशोब लावतोय तो?"

त्याच दिवशी बाईंनी पंधरा हजार दिले. बाकी अठरा हजारांचे सहा हप्ते ठरले, ते ऑक्टोबर ते मार्च टिटवाळ्याहून दर महिन्याला आले, एकदा दोन दिवस उशिरा. एकूण तेहतीस हजार, आईला. टेम्पोचे अठराशे मी दिले, टेम्पोवाल्याला. एजंटला काही दिलं नाही.