आनखी एकदा इचारा

"बाई, आनखी एकदा इचारा की." एखाद्या दारातून नकार आला की तो मागून एवढंच म्हणायचा. मग मी पुन्हा विचारायचे. तुम्हाला तो माझा मदतनीसच वाटला असता.

सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या दवाखान्यात नर्स होते. घरोघर जाऊन तान्ह्या मुलांना त्रिगुणी लस टोचायची. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्हींवर एकच सुई. पण ती महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं तीनदा द्यावी लागे.

तो माढ्याकडचा, पेठेत यंत्रमाग चालवायला आलेला. त्याच्या मुलीला पहिली सुई मीच टोचली. तिला ताप आला, मांडी सुजली. दुसऱ्या खेपेला तो दारातच आडवा उभा राहिला. "चांगली खेळतीय पोर. आता नको," म्हणाला. ऊन तापलं होतं, पुढं बरीच घरं होती. मी वहीत 'नकार' लिहिलं आणि निघाले.

त्या थंडीत मुलगी डांग्या खोकल्यानं गेली.

काही दिवसांनी तो दवाखान्यात आला. मला वाटलं, भांडायला आलाय. तो बाकावर बसला. मग हळूच म्हणाला, "मी न्हाय म्हणलो, ते खरं हाय. पर तुमी बी लगेच गेला की, बाई."

दुसऱ्या दिवसापासून मी वहीतल्या 'नकार' लिहिलेल्या घरी पुन्हा जाऊ लागले.

त्यानंतर मागाच्या सुट्टीला तो माझ्याबरोबर फिरू लागला. मुलीचं कुणाला सांगायचा नाही. ताप आला तर घाबरू नका, दोन दिवसांत उतरतो, हे आयांना माझ्याआधी तोच सांगायचा. कुणाचं मूल खोकलं, तर मात्र लशीची पेटी खाली ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचा.

बाकीचे दिवस तो दोन-दोन पाळ्या करायचा. एवढं कशाला राबता, असं मी एकदा विचारलं.

"माग थांबला की तिचा खोकला ऐकू येतो, बाई."

पुढं त्याला मुलगा झाला. त्याच्या तिन्ही सुया वेळेवर झाल्या. तोवर मागांच्या खडखडाटानं बापाचे कान पार गेले होते.

माझी बदली झाली, तेव्हा सांगायला गेले. तो पाठमोरा बसलेला, समोर पोर पालथं झोपलेलं. त्याचा तळहात पोराच्या पाठीवर होता. श्वासासरशी हात वर जायचा, खाली यायचा. हाक मारून उपयोग नव्हता. मी बराच वेळ दारात उभी राहिले.