दारवाली

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दारवाली’ म्हणायचे. पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरचं दार कोणी विनाकारण उघडलं, की तिचा पारा चढायचा. “आत पाच टक्के ऑक्सिजन, बाहेर एकवीस! बाहेरच्या हवेत या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. तुम्हाला डोकावायची हौस, त्यांचं आयुष्य निम्मं!” बावीस वर्षं ती हेच ऐकवत आली. मोठ्या साहेबांचीही तिनं गय केली नव्हती.

मग तिच्या धाकट्या भावाच्या पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला. त्याच्याच हाडाच्या मज्जेतल्या मूळ पेशी वाढवून जखमेत सोडायच्या, नाहीतर पाय कापायचा. त्या पेशी आमच्याकडे आल्या आणि तिनं हट्टानं स्वतःकडे घेतल्या. मी तेव्हाच आडवं यायला हवं होतं. तिच्या तोंडी कोण लागणार, म्हणून गप्प बसलो. भित्रा मी.

तिसऱ्या आठवड्यात मी ऑक्सिजनची नोंद काढली. पाचवर सरळ चालायला हवी ती रेघ दर तासाला चौदा-पंधरावर उसळत होती आणि खाली यायला अर्धा तास घेत होती. तेही फक्त तिच्या ड्यूटीच्या वेळेत.

“ताई, हे काय?”

तिनं कागद घेऊन त्या उसळ्यांवरून बोट फिरवलं. “जिवंत आहेत ना, एवढंच बघत होते रे. दार लावलं की वाटायचं, आत सगळं संपलं असेल. राहवायचंच नाही.”

आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. लांबट, निमुळत्या पेशी हव्या होत्या, तिथे पसरट, सुजलेल्या पेशी पडून होत्या. म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसतात अशी एक चाचणी असते, ती लावली. निम्म्याहून जास्त निळ्या निघाल्या. म्हणजे मज्जा पुन्हा काढायची आणि आणखी तीन आठवडे थांबायचं. तोवर पाय तग धरेल का, हे डॉक्टरही सांगेनात.

“मशीन बिघडलं म्हणून सांगू,” मी म्हणालो.

“नको.”

मी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. खाटेवर बसलेल्या भावाला तिनं सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यानं पायाच्या पट्टीवर हात ठेवला.

“परत सुई?”

“हो.”

“असू दे,” तो म्हणाला. “पण या वेळीही तूच सांभाळ, ताई. तू असलीस की मला भीती वाटत नाही.”

“नाही रे. मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाही.”

तेव्हा मात्र त्याचा चेहरा पांढराफटक पडला.